अठरा संगणक, एकच प्रत: शाळेच्या संगणक कक्षात मुक्त सॉफ्टवेअर बसवतानाचा एक प्रकरण अभ्यास

कक्षात अठरा संगणक होते आणि त्यांतला एकही दुसऱ्यासारखा नव्हता. आले तेव्हा सगळे एकाच दिवशी, एकाच बनावटीचे आले होते. पण पाच-सहा वर्षांत कुणी कशावर काय टाकलं, कुणी काय काढलं, याचा हिशेब राहिला नव्हता. चार नंबरच्या मशीनवर चित्रकलेचा प्रोग्रॅम होता, सात नंबरच्या मशीनवर नव्हता. अकरा नंबरवर ब्राउझर उघडला की तीन खिडक्या आपोआप यायच्या. दोन तर नुसते सुरू व्हायला दहा मिनिटं घ्यायचे, म्हणून मुलं त्यांच्यासमोर बसायलाच तयार नसत.

याचा खरा भार होता तो संगणक शिकवणाऱ्या बाईंवर. पस्तीस मिनिटांच्या तासातली पहिली दहा मिनिटं 'हा प्रोग्रॅम कुठल्या मशीनवर चालतो' हे ठरवून मुलं बसवण्यात जायची. शिवाय मुलाने मागच्या तासाला केलेलं काम त्याच मशीनच्या हार्ड डिस्कवर पडलेलं असायचं. ते मशीन आज दुसऱ्याला मिळालं की काम गेलं, आणि दुसऱ्याने जागा करायला म्हणून जुनी फाइल उडवली की कायमचंच गेलं. सहावीतल्या एका मुलीने तीन तास खपून केलेला प्रकल्प असा गेला होता. बाईंनी मला बोलावलं ते त्यानंतर.

मागणी साधी होती: सगळ्यांना फॉरमॅट मारा आणि लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी, कुणालाही वापरता-बदलता येणारी मुक्त प्रणाली, टाकून द्या. घाई असण्याला आणखी एक कारण होतं. विंडोज १० ला मिळणाऱ्या नेहमीच्या मोफत सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या आणि विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० या सुरक्षा-चिपची सोय या मशीनमध्ये नव्हती. यंत्रं मात्र चांगली होती. प्रोसेसर चौसष्ट बिटांचे होते आणि नेटवर्क कार्डं शाबूत होती. त्यांना भंगारात काढणं मला पटणारं नव्हतं.

तरीही मी 'टाकून देतो' म्हटलं नाही. याआधी एका कक्षात मी नेमकं तेच केलं होतं. दोन दिवस बसून प्रत्येक मशीनवर लिनक्स चढवलं, सगळं नीट चाललं, आणि वर्षाने परत गेलो तर तीच गत. लिनक्स होतं, पण प्रत्येकावर वेगळं. काहींच्या सुधारणा अर्ध्यावर थांबलेल्या, काहींवर डिस्क भरलेली. सॉफ्टवेअर मुक्त असलं म्हणून अठरा प्रती सांभाळण्याचं काम कमी होत नाही, हे मला तेव्हा कळलं. म्हणून या वेळी प्रश्न वेगळा मांडला: अठरा प्रती ठेवायच्याच कशाला?

एकच प्रत म्हणजे काय

लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट, म्हणजे एलटीएसपी, १९९९ पासून आहे आणि २०१९ मध्ये तो नव्याने लिहिला गेला. कल्पना अशी की कक्षात एकाच मशीनवर, म्हणजे सर्व्हरवर, लिनक्स आणि लागणारे सगळे प्रोग्रॅम बसवायचे. मग त्या अख्ख्या व्यवस्थेची दाबून लहान केलेली एक प्रत बनवायची. बाकीची मशीन सुरू झाली की हार्ड डिस्ककडे न जाता नेटवर्कवर विचारतात, 'मी काय सुरू करू?' सर्व्हर त्यांना ती प्रत देऊ करतो. मशीन ती सगळी उतरवून घेत नाही, लागेल तेवढा भाग लागेल तेव्हा वाचतं. मुलाने वापरताना व्यवस्थेत जे काही बदललं ते त्या मशीनच्या रॅममध्ये राहतं आणि मशीन बंद केलं की पुसलं जातं. मुलाचं स्वतःचं फोल्डर मात्र सर्व्हरवर असतं, ते लॉगिन केल्यावर जोडलं जातं. त्यामुळे कुठल्याही खुर्चीवर बसलं तरी आपलं काम समोर येतं.

'सर्व्हर' ऐकून मुख्याध्यापकांना वाटलं की मोठं यंत्र घ्यावं लागणार. जुन्या पद्धतीत ते खरं होतं. तेव्हा प्रोग्रॅम सर्व्हरवरच चालायचे आणि मुलांसमोर नुसतं चित्र यायचं. आता प्रोग्रॅम मुलाच्या मशीनच्या प्रोसेसरवर आणि रॅमवर चालतात, सर्व्हरकडे राहतं ते फायली पुरवणं. म्हणून शाळेतलंच सगळ्यात बरं मशीन आम्ही सर्व्हर केलं, त्यात दोन डिस्का एकमेकींच्या प्रतिबिंबासारख्या लावल्या. पण याच कारणाने मुलांच्या मशीनमध्ये रॅम पुरेशी लागते. दोन जीबीवर ब्राउझरची दोन-चार पानं उघडली की मशीन गुदमरतं. बंद पडून कोपऱ्यात ठेवलेल्या जुन्या संगणकांतून रॅम काढून सगळ्यांना चार-चार जीबी केली.

दुसरे मार्ग पाहिले होते. क्लोनझिलाने एका मशीनची हुबेहूब नक्कल सगळ्यांवर उतरवता येते, पण ती पहिल्या दिवसापुरती. अ‍ॅन्सिबलसारख्या साधनाने दूरवरून सगळी मशीन एका साच्यात ठेवता येतात, पण ते चालवणारा माणूस तिथे हवा. इथे फक्त बाई होत्या आणि त्यांना आठवड्यात बावीस तास शिकवायचं होतं.

नेटवर्कने घेतलेले तीन दिवस

प्रयोग एका मशीनवर केला तेव्हा डेस्कटॉप मिनिटाच्या आत आला. शाळेच्या राउटरला हातही लावावा लागला नाही. प्रत्येक मशीनला नेटवर्कवरचा पत्ता देण्याचं, म्हणजे पत्ते वाटण्याचं काम तोच करत राहिला, सर्व्हर फक्त 'सुरू कुठून व्हायचं' एवढीच पुरवणी माहिती देत होता. ही सोय फार मोलाची आहे. पत्ते वाटणारे दोघे एकाच जाळ्यावर आले तर शाळेच्या कार्यालयातलं इंटरनेटही कोलमडू शकतं आणि मग कक्षातल्या कामाला कायमचा विरोध सुरू होतो.

दुसऱ्या दिवशी अठराही मशीन एकदम सुरू केली. पहिला डेस्कटॉप यायला सात मिनिटांहून जास्त वेळ लागला, दोन मशीन तर मध्येच अडकली. वर्ग दारात उभा होता.

गणित आधीच मांडायला हवं होतं. सुरू होऊन ब्राउझर उघडेपर्यंत एक मशीन अंदाजे ३०० एमबी वाचतं असं धरू. अठरांचे झाले ५४०० एमबी. सगळ्या मशीनच्या केबल एकत्र जोडणारा स्विच होता सेकंदाला १०० मेगाबिटचा. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सर्व्हरच्या दारातून सेकंदाला जेमतेम १२ एमबी बाहेर पडणार. भागाकार केला की ४५० सेकंद, म्हणजे साडेसात मिनिटं. यात सर्व्हरचा काही दोष नव्हता. अठरा जणांना एकाच अरुंद दारातून जायचं होतं. सर्व्हरची जोडणी गिगाबिटची, म्हणजे सेकंदाला १००० मेगाबिटची केली तर तेच काम हिशेबाने पाऊण मिनिटाचं. मुलांच्या मशीनची कार्डं १०० मेगाबिटची असली तरी चालतात, कारण प्रत्येकाला स्वतःपुरतंच वाचायचं असतं. रुंद हवी ती फक्त सर्व्हरची वाट.

नवा गिगाबिट स्विच आला, लावला, सगळी मशीन सुरू केली. फरक शून्य.

अर्धा दिवस मी सर्व्हरची मांडणी उलटीपालटी करत राहिलो. शेवटी नेटवर्क कार्डाला त्याचा वेगच विचारला. उत्तर आलं, १००. कार्ड गिगाबिटचं, स्विच गिगाबिटचा, मग अडतं कुठे? भिंतीतून आलेल्या केबलचं टोक उघडून पाहिलं. आतल्या आठ तारांपैकी चारच टोकाला दाबून बसवल्या होत्या. १०० मेगाबिटला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. उरलेल्या चार तारा प्लास्टिकच्या आत तशाच मागे कापलेल्या. ज्याने ते काम केलं त्याच्या वेळी १०० पुरेसे होते, त्यामुळे त्याचं काम तेव्हा बरोबरच होतं. दोन्ही टोकं पुन्हा क्रिम्प केली, आठही तारा घातल्या, वेग १००० दाखवू लागला. अठरा मशीन एकदम सुरू केली तेव्हा शेवटचा डेस्कटॉप दीड मिनिटात आला.

असं काम हाती घेणाऱ्याला माझं कळकळीचं सांगणं आहे की सॉफ्टवेअरला हात लावण्याआधी सर्व्हरपासून स्विचपर्यंतच्या केबलची दोन्ही टोकं डोळ्यांनी पाहा आणि वेग मोजा. माझे तीन दिवस त्यात गेले, आणि त्या तीन दिवसांत 'हे लिनक्स मंद आहे' असा बोलबाला शाळेत झाला. तो पुसायला मला महिना लागला.

किरकोळ अडचणी आणखी होत्या. तीन मशीनच्या मदरबोर्डावरचा बटणासारखा सेल संपला होता, त्यामुळे वीज गेली की 'आधी नेटवर्कवरून सुरू हो' ही सूचना ते विसरायचे. वर तारीखही मागे जायची आणि मग ब्राउझर सुरक्षित संकेतस्थळं उघडायला नकार द्यायचा, कारण प्रमाणपत्राची मुदत त्याच्या लेखी अजून सुरूच झालेली नसे. सेल बदलले, प्रश्न मिटला. एका मशीनवर सिक्युअर बूट, म्हणजे अनोळखी प्रणाली सुरू होऊ न देणारी सोय, बंद करावी लागली.

कुणाच्या नावाने बसायचं

तांत्रिक भाग इथे संपला असं मला वाटलं होतं. खरा विचार इथून पुढे करावा लागला.

सुरुवातीला सोपं म्हणून सगळ्यांसाठी 'विद्यार्थी' हे एकच खातं ठेवलं. पहिल्याच तासाला एकाने फायरफॉक्स उघडला आणि बाकी सतरा जणांना संदेश आला की फायरफॉक्स आधीच चालू आहे. कारण उघड आहे. खातं एक म्हणजे फोल्डर एक. ब्राउझर आपल्या फोल्डरवर कुलूप लावतो, म्हणजे दोन ठिकाणांहून एकाच वेळी लिहिलं जाऊन माहिती बिघडू नये. स्वतंत्र संगणकांवर एकच नाव वापरलं तर काही बिघडत नव्हतं, कारण तिथे अठरा वेगळ्या डिस्का होत्या. इथे घरच सामायिक झालं होतं. डेस्कटॉपवरचं चित्र एकाने बदललं की पुढच्या लॉगिनला ते सगळ्यांचं बदलायचं. आणि ज्या मुलीच्या फायलीवरून हे सगळं सुरू झालं, तिची नवी फाइल पुन्हा दुसऱ्याच्या हातात होती.

म्हणून पाचवीपासून वर प्रत्येकाला स्वतःचं खातं दिलं. नाव काय द्यायचं यावर बाईंशी बराच वेळ बोललो. हजेरी क्रमांक सगळ्यात सोपा, पण तो दर वर्षी बदलतो आणि मग गेल्या वर्षीच्या बाराव्या क्रमांकाचं फोल्डर यंदाच्या बाराव्याला मिळतं. त्यामुळे शाळा सोडेपर्यंत न बदलणारा प्रवेश क्रमांक घेतला. पासवर्ड पहिल्या तासाला मुलांनी स्वतः ठरवले. तो तास बाईंनी केवळ पासवर्ड म्हणजे काय, तो मैत्रिणीलाही का सांगायचा नाही, यावर घेतला. आधी तो वाया गेलेला तास वाटला, पण वर्षभरातला तो सगळ्यात उपयोगी तास होता असं मी आज म्हणेन.

पहिली ते चौथीच्या मुलांना पासवर्ड टंकायला लावणं म्हणजे अर्धा तास तिथेच. त्यांच्यासाठी खुर्चीनिहाय पाहुणा खाती केली: पाचव्या मशीनवर 'पाहुणा ५' आपोआप आत येतो. त्यासाठी मांडणीच्या फाइलीत त्या खात्याचा पासवर्ड लिहून ठेवावा लागतो आणि तो नुसता वेगळ्या लिपीत मांडलेला असतो, कुलूपबंद नसतो. जाणकाराला तो सहज वाचता येतो. म्हणून ही सोय फक्त पाहुणा खात्यांना द्यायची, शिक्षकाच्या खात्याला कधीही नाही. ही गोष्ट मी बाईंच्या वहीत लाल शाईने लिहिली.

नवीन मुलगा शाळेत आला तेव्हा पुढचा सापळा उघडला. बाईंनी सर्व्हरवर खातं बनवलं, पण मुलाला कुठल्याच मशीनवर लॉगिन होईना. एलटीएसपी खात्यांची यादी सुरुवातीच्या एका छोट्या फाइलीत बांधून मशीनला देतो. खातं वाढलं की ती फाइल नव्याने बांधावी लागते आणि मशीन पुन्हा सुरू करावं लागतं. प्रोग्रॅमचंही तसंच. सर्व्हरवर नवा प्रोग्रॅम टाकला तरी मुलांना जुनीच प्रत मिळत राहते, नवी प्रत बनवेपर्यंत. बाईंनी जीकॉम्प्री हा लहान मुलांच्या शैक्षणिक खेळांचा प्रोग्रॅम टाकून दोन दिवस वाट पाहिली होती आणि आपलंच काही चुकलं असं समजून मला विचारलंही नव्हतं. चूक माझी होती. प्रत कशी बनते हे मी त्यांना सांगितलं होतं, पण कधी बनवायची हे सांगितलं नव्हतं.

यावर उपाय म्हणून यासाठी लागणाऱ्या सगळ्या आज्ञा एका छोट्या स्क्रिप्टमध्ये बांधल्या आणि डेस्कटॉपवर 'प्रत नवी करा' असं एक बटण ठेवलं. शाळा सुटल्यावर, सगळी मशीन बंद असताना दाबायचं. मागची प्रत बाजूला राखून ठेवली जाते, त्यामुळे नवी बिघडलीच तर जुनीवर परतता येतं.

काय काय बसवलं

यावर फार लिहिण्यासारखं नाही, कारण या भागात अडचण कमी आली. लिब्रेऑफिस, लहानांसाठी जीकॉम्प्री आणि टक्स पेंट, भूमितीसाठी जिओजेब्रा. जिओजेब्रा पूर्णपणे मुक्त नाही, त्याच्या व्यावसायिक वापरावर अटी आहेत, पण शाळेतल्या शिकवण्याला त्या आड येत नाहीत. हा फरक मुलांना सांगण्याजोगा आहे आणि बाईंनी तो सांगितलाही.

मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्या स्क्रॅचचा अधिकृत डेस्कटॉप प्रोग्रॅम लिनक्सवर मिळत नाही. ब्राउझरमध्ये तो चालतो, पण शाळेचं इंटरनेट अठरा जणांना पुरणारं नव्हतं. म्हणून टर्बोवार्प घेतला. तो स्क्रॅचवरच बेतलेला, मुक्त आहे आणि स्क्रॅचच्या फायली उघडतो. मुलांनी घरी केलेलं काम पेनड्राइव्हवरून आणलं तर तेही चाललं.

शिक्षकांची नाराजी मात्र वेगळ्याच जागी निघाली. गेल्या दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरांची मांडणी, नसलेल्या जुन्या फाँटात होत्या. लिब्रेऑफिसमध्ये उघडल्या की अक्षरांच्या जागी इंग्रजी चिन्हांचा कचरा दिसे. 'तुमच्या लिनक्सने आमच्या प्रश्नपत्रिका मोडल्या' असं एका सरांनी मला सुनावलं आणि त्यांच्या बाजूने पाहिलं तर ते समजण्यासारखं होतं. त्या फायली खरं तर आधीपासूनच त्या एका फाँटाच्या ओलीस होत्या. फाँट नसलेल्या कुठल्याही संगणकावर त्या अशाच दिसल्या असत्या. तात्पुरता तो फाँट शाळेकडच्या परवान्यानुसार शिक्षकांच्या एका मशीनवर ठेवला आणि लागतील तशा प्रश्नपत्रिका युनिकोडमध्ये आणायचं ठरलं. ते काम आजही चालू आहे.

एपॉप्टिस नावाचा प्रोग्रॅमही बसवला. त्यातून बाईंना सगळ्या मशीनचे पडदे आपल्या टेबलावरून दिसतात, सगळी मशीन एकदम बंद करता येतात, आपला पडदा सगळ्यांना दाखवता येतो. हे साधन हाती देताना मी एक अट घातली: मुलांना पहिल्याच दिवशी सांगायचं की तुमचा पडदा मला इथून दिसतो. न सांगता पाहणं मला मान्य नव्हतं आणि बाईंनाही नव्हतं. त्यांनी त्यांचा स्वतःचा पडदा उघडून तो प्रोग्रॅम मुलांना दाखवला.

दोनदा थांबलेलं काम

शिकवण्याच्या भर दिवसांत एका सकाळी कुणालाच लॉगिन होईना. पासवर्ड बरोबर, पण डेस्कटॉप येऊन लगेच परत लॉगिनचा पडदा. आठवीतल्या एका मुलाने स्नेहसंमेलनाचे व्हिडिओ आपल्या फोल्डरात भरले होते आणि सर्व्हरची डिस्क काठोकाठ भरली होती. डेस्कटॉपला सुरू होताना दोन-चार छोट्या फायली लिहाव्या लागतात, तेवढीही जागा नव्हती. एकाच्या फोल्डरामुळे सगळे बाहेर. प्रत्येक खात्याला एक जीबीची मर्यादा घालणं मी 'नंतर बघू' म्हणून सोडलं होतं. ते त्याच दिवशी केलं. त्या मुलाला कुणी रागावलं नाही, कारण त्याने काही चुकीचं केलंच नव्हतं.

दुसरी गोष्ट बॅकअपची. दोन डिस्का प्रतिबिंबासारख्या लावल्या म्हणजे बॅकअप झाला, असं समजणारे बरेच भेटतात. एक डिस्क मेली तर दुसरी कामाला येते, हे खरं. पण मुलाने फाइल उडवली तर ती दोन्हींवरून त्याच क्षणी उडते. म्हणून दर शुक्रवारी बाहेरच्या डिस्कवर सगळ्यांची फोल्डरं उतरवायची सवय लावली. तीन महिने बाईंनी ती न चुकता पाळली.

मग एका दुपारी मी त्यांना म्हटलं, आता एक फोल्डर मुद्दाम परत आणून पाहू. आणलं. फायली सगळ्या होत्या, पण ज्या मुलाच्या होत्या त्याला त्यात काही लिहिता येईना. बाहेरची डिस्क विकत आली तशीच वापरली होती आणि तिच्यावरची मांडणी एक्सफॅट होती. फाइल कुणाच्या मालकीची, हे लिहून ठेवायला त्या मांडणीत जागाच नसते. तीन महिन्यांच्या बॅकअपमध्ये सगळ्यांचं काम होतं, पण कुणाचं काय हे नव्हतं. नशिबाने फोल्डरांची नावं प्रवेश क्रमांकांची होती, त्यामुळे मालकी पुन्हा जुळवता आली असती. खरोखर डिस्क गेली असती तर ते करायला दोन दिवस लागले असते.

डिस्क त्याच दुपारी लिनक्सच्या एक्स्ट४ मांडणीत नव्याने तयार केली, बॅकअप पुन्हा घेतला आणि तेच फोल्डर पुन्हा परत आणलं. या वेळी त्या मुलाला वर्गातून बोलावलं. त्याने स्वतः लॉगिन करून आपलं चित्र उघडलं, त्यात एक रेघ ओढली आणि जतन केलं. बाईंनी वहीत शुक्रवारच्या पानाखाली एक ओळ वाढवली: 'दर महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी एक फोल्डर परत आणून, ज्याचं त्याला उघडायला लावणे.'